स्वामी कुवलयानंद

स्वामी कुवलयानंद (मूळ नाव : जगन्नाथ गणेश गुणे, जन्म : डभोई, ३० ऑगस्ट १८८३, मृत्यू : १८ एप्रिल १९६६) हे योगशास्त्राचे संशोधक, शिक्षणतज्ज्ञ आणि भारतातील व्यायामोपचाराचे एक आद्य प्रवर्तक होते. आसने, प्राणायाम, बंध आणि शुद्धिक्रिया यांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत मोजून पाहण्याचे काम त्यांनी १९२०च्या दशकात सुरू केले. लोणावळा येथील कैवल्यधाम ही संस्था आणि योगमीमांसा हे नियतकालिक यांची स्थापना त्यांनी इ.स. १९२४ मध्ये केली. व्यायाम हा रोग्यासाठी उपचार ठरू शकतो. मात्र औषधाप्रमाणेच त्याचीही मात्रा, क्रम आणि वर्ज्यावर्ज्यता ठरलेली असली पाहिजे, हा त्यांच्या कार्याचा मध्यवर्ती विचार होता.

बालपण आणि शिक्षण

जगन्नाथ गुणे यांचा जन्म तत्कालीन बडोदे संस्थानातील डभोई या गावी एका मराठी कुटुंबात झाला. वडील गणेश लक्ष्मण गुणे हे शिक्षक होते. आईचे नाव सरस्वती. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे त्यांचे शिक्षण इतरांच्या मदतीवर आणि शिष्यवृत्तीवर झाले. इ.स. १९०३ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि संस्कृत विषयातील प्रावीण्याबद्दल त्यांना जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. तिच्या आधाराने त्यांनी बडोदे कॉलेजात प्रवेश घेतला आणि इ.स. १९१० मध्ये ते पदवीधर झाले.

त्या काळात अरविंद घोष हे बडोदे कॉलेजात अध्यापन करीत असत. त्यांच्या विचारांचा आणि लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचा तरुण गुणे यांच्यावर खोल परिणाम झाला. आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा निश्चय त्यांनी याच वयात केला व तो अखेरपर्यंत पाळला.

माणिकराव यांच्या आखाड्यात

इ.स. १९०७ ते १९१० या काळात गुणे यांनी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न प्रा. माणिकराव यांच्याकडे भारतीय शारीरिक शिक्षणाचे धडे घेतले. माणिकराव हे मल्लविद्या, लाठी, लेझीम इत्यादी प्रकारांचे नामांकित शिक्षक होते. निखळलेले सांधे व मोडलेली हाडे बसविण्याच्या कौशल्याबद्दलही त्यांची ख्याती होती. त्यामुळे त्यांच्या व्यायाममंदिरात बलोपासनेसाठी येणाऱ्या तरुणांबरोबर दुखणाईतांचीही ये-जा असे. व्यायाम आणि उपचार यांचा निकट संबंध गुणे यांनी प्रथम येथे पाहिला. पुढे त्यांनी आखलेल्या सांघिक व्यायामाच्या पद्धतीवरही या शिक्षणाची छाप दिसते.

अमळनेर येथील कार्य

पदवीनंतर गुणे खानदेशात आले. अमळनेर येथील खानदेश शिक्षण संस्थेच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला आणि इ.स. १९१६ मध्ये ते तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. महाविद्यालयातील राष्ट्रीय वृत्तीचे वातावरण ब्रिटिश सरकारला रुचले नाही व इ.स. १९२० मध्ये ते बंद करण्यात आले. इ.स. १९२३ पर्यंत गुणे यांनी विद्यार्थ्यांना भारतीय संस्कृती हा विषय शिकविला. ग्रामीण समाजातील निरक्षरता आणि अंधश्रद्धा यांचे दर्शन त्यांना या वर्षांत जवळून घडले. योगाभोवती जमलेले चमत्कारांचे वलय दूर केल्याखेरीज त्याचा सामान्य माणसाला उपयोग होणार नाही, या त्यांच्या पुढील भूमिकेची पार्श्वभूमी येथे आढळते.

परमहंस माधवदास यांची भेट

इ.स. १९१९ मध्ये गुणे यांची परमहंस माधवदास महाराज यांच्याशी भेट झाली. मूळचे बंगाली असलेले हे वृद्ध योगी नर्मदेच्या काठी, बडोद्याजवळील मालसर येथे वास्तव्यास होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली गुणे यांनी योगसाधना केली. इ.स. १९२१ मध्ये माधवदास यांचे निधन झाले. सहवास अल्प असला तरी त्यांना गुणे यांनी आयुष्यभर गुरुस्थानी मानले. माणिकराव यांच्याकडून शरीराची शिस्त आणि माधवदास यांच्याकडून योगाची दीक्षा, अशा दोन परंपरा त्यांच्यात एकत्र आल्या.

गुणे श्रद्धावान साधक होते, तसेच काटेकोर बुद्धिवादीही होते. साधनेत आलेला अनुभव खरा असेल, तर त्याचे शारीरिक कारणही शोधता आले पाहिजे, असे त्यांचे मत होते. इ.स. १९२०च्या सुमारास त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत यौगिक क्रियांची तपासणी सुरू केली.

पहिले प्रयोग

उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रियांपासून प्रयोगांना प्रारंभ झाला. उड्डियानात श्वास पूर्ण बाहेर सोडून पोट आत व वर ओढले जाते. नौलीत पोटाचे उभे स्नायू आकुंचित करून ते एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरविले जातात. बस्ती या शुद्धिक्रियेत साधक कोणत्याही पंपाशिवाय गुदद्वारावाटे पाणी आत ओढून घेतो. हे कसे घडते याची गूढ स्पष्टीकरणे दिली जात असत.

गुणे यांनी क्ष-किरण तपासणी आणि दाबमापक यांच्या साहाय्याने या क्रियांचा अभ्यास केला. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो व या अंशतः निर्वात स्थितीमुळे पाणी आत खेचले जाते, असे त्यांना आढळले. गुरूच्या स्मरणार्थ या स्थितीला त्यांनी माधवदास निर्वात असे नाव दिले.

कैवल्यधाम व योगमीमांसा

इ.स. १९२४ च्या ऑक्टोबर महिन्यात गुणे यांनी पुणे जिल्ह्यातील लोणावळा येथे कैवल्यधामाची स्थापना केली. या काळापासून ते स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जाऊ लागले. मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांशी रेल्वेने जोडलेले लोणावळा हे थंड हवेचे ठिकाण साधनेला आणि रुग्णांनाही सोयीचे होते.

त्याच वर्षी योगमीमांसा या इंग्रजी त्रैमासिकाचे प्रकाशन सुरू झाले. योगविषयक प्रयोग प्रसिद्ध करणारे हे पहिले शास्त्रीय नियतकालिक मानले जाते. प्रयोगांचे अहवाल आणि आसनांची सचित्र माहिती यांचा त्यात समावेश असे. सर्वांगासन, मत्स्यासन यांसारख्या आसनांत रक्तदाबात होणारे बदल आणि प्राणायामातील वायूंची देवघेव असे विषय त्यात हाताळले गेले.

प्राणायामाने शरीराला पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो, असा समज त्या काळी रूढ होता व आजही आढळतो. कुवलयानंद यांच्या प्रयोगांतून त्याला पुष्टी मिळाली नाही. प्राणायामाचे महत्त्व प्राणवायूच्या प्रमाणात नसून मज्जासंस्थेवरील परिणामात शोधावे, असे मत त्यांनी मांडले. आपल्याच परंपरेविषयीचा एक लोकप्रिय समज मोजणीनंतर सोडून देण्याची ही तयारी त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य मानली जाते.

लोणावळ्याच्या प्रयोगशाळेकडे परदेशी अभ्यासकही वळले. येल विद्यापीठातील संशोधक के.टी. बेहनन यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी येथे योगाचे शिक्षण घेतले; त्यावर आधारलेला त्यांचा ग्रंथ इ.स. १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत सुधारणात्मक व्यायामाचे शिक्षण देणाऱ्या जोसेफिन रॅथबोन यांनी इ.स. १९३७-३८ मध्ये कैवल्यधामाला भेट दिली. इ.स. १९५७ मध्ये एम.ए. वेंगर आणि बी.के. बागची हे शास्त्रज्ञ अमेरिकेतून आपली उपकरणे घेऊन भारतात आले व त्यांनी लोणावळा येथेही काम केले.

व्यायामोपचाराची पद्धती

इ.स. १९३२ मध्ये मुंबईत सांताक्रूझ येथे कैवल्यधामाची शाखा उघडण्यात आली. इ.स. १९३६ मध्ये ती चौपाटीजवळ मरीन ड्राइव्ह येथे हलविण्यात आली आणि ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र या नावाने ओळखली जाऊ लागली. योगाच्या साहाय्याने रोगांचा प्रतिबंध आणि उपचार हा या केंद्राचा उद्देश होता. संन्याशांपुरते व आश्रमांपुरते मर्यादित मानले जाणारे योगाभ्यास त्यामुळे शहरातील नोकरदार आणि व्यापारी वर्गाच्या आवाक्यात आले.

महात्मा गांधी यांनी इ.स. १९२७ मध्ये आपल्या आजारपणात कुवलयानंद यांच्याशी पत्रव्यवहार करून आसनांविषयी सल्ला घेतला होता. त्या वेळी गांधी उच्च रक्तदाबाने त्रस्त होते.

कुवलयानंद यांनी आसनांचे ध्यानासने आणि शरीरसंवर्धक आसने असे वर्गीकरण केले. शवासनासारख्या शिथिलीकरणाच्या आसनांनाही त्यांनी महत्त्वाचे स्थान दिले. आसने या विषयावरील पुस्तकात त्यांनी प्रत्येक आसनाची कृती, कालावधी आणि परिणाम यांच्याबरोबर सावधगिरीच्या सूचनाही दिल्या. डोळे व कान यांचे विकार असणाऱ्यांनी किंवा रक्तदाब बिघडलेल्यांनी शीर्षासनासारखी आसने आपल्या मनाने करू नयेत, असे त्यांनी बजावले. पूर्ण आसन जमत नसेल तर अर्धे आसन करावे, वेळ हळूहळू वाढवावा, दमछाक होऊ देऊ नये व झटके टाळावेत, हे त्यांच्या शिकवणीतील मूलभूत नियम होते.

या विचारांची एकत्रित मांडणी यौगिक उपचारपद्धतीवरील ग्रंथात आढळते. कुवलयानंद आणि डॉ. एस.एल. विनेकर यांनी लिहिलेला हा इंग्रजी ग्रंथ केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयामार्फत इ.स. १९६३ मध्ये प्रकाशित झाला. त्यात उपचाराची तीन अंगे सांगितली आहेत : योग्य मनोवृत्ती जोपासणे, स्नायू, मज्जासंस्था व ग्रंथी यांना ताण सहन करण्यास पुन्हा समर्थ करणे, आणि योग्य आहाराबरोबर उत्सर्जनाच्या नैसर्गिक क्रियांना मदत करणे. आसनांचा विचार लेखकांनी केवळ स्नायू बळकट करणारा व्यायाम म्हणून केलेला नाही. स्नायूंमधील स्वाभाविक ताण, शरीराची ढब आणि तोल राखणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रिया यांच्या आधारे त्यांनी आसनांची उपपत्ती मांडली. झटक्याने केलेली हालचाल स्नायूला उलट आकुंचित करते, तर सावकाश घेतलेला व स्थिर ठेवलेला ताण त्याला सैल होऊ देतो, हे त्यांच्या विवेचनातील महत्त्वाचे सूत्र आहे.

व्यायामाने रोग बरा करण्याचे प्रयत्न त्या काळी जगात इतरत्रही चालू होते. स्वीडनमधील पेर हेन्रिक लिंग यांनी एकोणिसाव्या शतकात उपचारात्मक व्यायामाची पद्धती रूढ केली होती. मज्जारज्जूच्या विकारामुळे चालताना तोल जाणाऱ्या रुग्णांसाठी हाइनरिश फ्रेंकेल यांनी स्वित्झर्लंडमध्ये क्रमवार व्यायाम तयार केले होते. भारतात फिजिओथेरपीचे रीतसर शिक्षण मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५०च्या दशकाच्या आरंभी सुरू झाले. मरीन ड्राइव्हवरील केंद्र त्याच्या कितीतरी आधीपासून कार्यरत होते.

शारीरिक शिक्षण

शाळांमधील व्यायामाकडेही कुवलयानंद यांनी लक्ष दिले. मोठ्या समूहाला एकाच वेळी करता येतील अशा आसनांची व हालचालींची योजना त्यांनी यौगिक संघ व्यायाम या नावाने तयार केली. मुंबई सरकारने नेमलेल्या शारीरिक शिक्षण मंडळाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडविणारी संस्था इ.स. १९३८ मध्ये मुंबईजवळ कांदिवली येथे सुरू झाली. प्रांतातील शारीरिक शिक्षणाला व्यवस्थित रूप देण्याच्या या प्रयत्नांच्या काळात कुवलयानंद यांचा सल्ला महत्त्वाचा मानला जात असे.

संस्थेचा विस्तार

अलिबागजवळील कनकेश्वर येथे साधनेसाठी एक केंद्र उघडण्यात आले, तर इ.स. १९४३ मध्ये राजकोट येथे शाखा सुरू झाली. इ.स. १९४४ मध्ये योगाच्या शास्त्रीय व वाङ्मयीन संशोधनासाठी लोणावळा येथे कैवल्यधाम श्रीमन्माधव योगमंदिर समिती स्थापन झाली. इ.स. १९५१ मध्ये गोवर्धनदास सेक्सरिया योग व सांस्कृतिक समन्वय महाविद्यालय सुरू करण्यात आले. जुन्या, चिवट कार्यात्मक विकारांवर यौगिक पद्धतीने उपचार करण्यासाठी इ.स. १९६१ मध्ये श्रीमती अमोलक देवी तीरथराम गुप्ता यौगिक रुग्णालय उघडण्यात आले. त्या वेळी कुवलयानंद यांचे वय ७७-७८ वर्षांचे होते.

१८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर स्वामी दिगंबरजी यांनी संस्थेची धुरा सांभाळली.

ग्रंथलेखन

आसने आणि प्राणायाम या विषयांवरील कुवलयानंद यांची इंग्रजी पुस्तके विशेष प्रसिद्ध आहेत. इ.स. १९३१ च्या सुमारास प्रथम प्रकाशित झालेल्या या पुस्तकांच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. एस.ए. शुक्ल यांच्यासह त्यांनी गोरक्षशतक या हठयोगावरील संस्कृत ग्रंथाचे संपादन केले. जुन्या हस्तलिखितांच्या आधारे शुद्ध संहिता सिद्ध करण्याची परंपरा कैवल्यधामाने पुढेही चालू ठेवली.

मूल्यमापन

कुवलयानंद यांच्या प्रयोगांना काही मर्यादा होत्या. बहुतेक प्रयोग मोजक्या व्यक्तींवर झाले आणि तुलनेसाठी दुसरा गट घेण्याची आजची पद्धत त्यांत आढळत नाही. कुशल साधकावर दिसलेला परिणाम सामान्य रुग्णावर तसाच होईल, असे त्यांवरून सिद्ध होत नाही. मानवशास्त्रज्ञ जोसेफ ऑल्टर यांनी आधुनिक योगाच्या इतिहासावरील आपल्या अभ्यासात कुवलयानंद यांना महत्त्वाचे स्थान दिले आहे. योग, विज्ञान आणि राष्ट्रवाद हे तीन प्रवाह त्यांच्या कार्यात कसे मिसळले, याची चर्चा त्यांनी केली आहे. आजचा आसनप्रधान योग हा प्राचीन परंपरेबरोबरच विसाव्या शतकातील व्यायाम चळवळीचेही अपत्य आहे, असे मत काही अभ्यासक मांडतात. माणिकराव यांच्या व्यायाममंदिरातून आलेले कुवलयानंद यांचे चरित्र या मताच्या संदर्भात अभ्यासले जाते.

वारसा : चालण्याचे विकार व व्यायामोपचार

व्यायामाला उपचार म्हणून आज जे स्थान आहे, ते पार्किन्सन या आजाराच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. इ.स. १८१७ मध्ये लंडनमधील जेम्स पार्किन्सन यांनी प्रथम सविस्तर वर्णन केलेल्या या आजारात मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होत जातात. हातापायांना कंप सुटतो, स्नायू ताठरतात व हालचाली मंदावतात. पाठीला पोक येते, पावले लहान पडतात आणि पाय घासत चालावे लागते. चालताना हात हलेनासे होतात. वळताना किंवा दारातून जाताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. काही रुग्णांची पावले आपोआप वेग घेतात व ते पुढे पडतात.

हा आजार कैवल्यधामाच्या रुग्णालयाने प्रामुख्याने हाताळलेल्या कार्यात्मक विकारांपैकी नाही. त्यावरील प्रभावी औषध लेव्होडोपा हे १९६०च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे कुवलयानंद यांच्या निधनानंतर, व्यापक वापरात आले. औषधाने ताठरपणा आणि मंदपणा कमी होतो. तोल जाणे व पाय अडखळणे यांवर मात्र त्याचा परिणाम अनेकदा अपुरा पडतो. त्यामुळे औषधाबरोबर नियमित व्यायाम हा उपचाराचा भाग मानला जातो. मोठे पाऊल जाणीवपूर्वक टाकणे, जमिनीवर आखलेल्या रेषा ओलांडणे, तालावर किंवा आकडे मोजत चालणे, तोल सांभाळण्याचा सराव आणि स्नायू सैल करण्याच्या क्रिया यांचा त्यात समावेश होतो. आपोआप होणारी हालचाल बिघडली असता लक्ष देऊन केलेली हालचाल तिची जागा काही प्रमाणात घेऊ शकते, हे यामागील तत्त्व आहे.

योगाभ्यासाचीही या आजारात आता तुलनात्मक चाचण्यांद्वारे परीक्षा होत आहे. हाँगकाँगमध्ये १३८ रुग्णांवर केलेल्या ८ आठवड्यांच्या चाचणीचे निष्कर्ष इ.स. २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सजगतेवर भर देणारा योग आणि ताणाचे व ताकदीचे व्यायाम या दोन्हींचा हालचालींवरील परिणाम त्यात सारखाच आढळला. चिंता आणि नैराश्य कमी करण्यात मात्र योगाचा गट पुढे होता. ही चाचणी सौम्य ते मध्यम आजार असलेल्या व स्वतः चालू शकणाऱ्या रुग्णांपुरती होती. योगाने हा आजार बरा होतो, असा निष्कर्ष तिच्यातून निघत नाही.

मुंबईत इ.स. २००१ मध्ये स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी रुग्णांसाठी सामूहिक व्यायामाचे वर्ग चालविते. अशा वर्गांत खुर्चीचा किंवा भिंतीचा आधार घेऊन हालचाली करून घेतल्या जातात. उभे राहताच रक्तदाब उतरणाऱ्या किंवा तोल जाणाऱ्या रुग्णांना शीर्षासन, सर्वांगासन यांसारखी आसने वर्ज्य समजली जातात. रुग्णाची शक्ती पाहून व्यायामाची मात्रा ठरविण्याचा आणि अपायकारक क्रिया आधीच वगळण्याचा हा दंडक कुवलयानंद यांनी आपल्या पुस्तकांतून आणि उपचार केंद्रांतून सातत्याने सांगितला होता. कैवल्यधाम आजही लोणावळा येथे संशोधन, शिक्षण आणि उपचार या तिन्ही क्षेत्रांत कार्यरत असून योगमीमांसाचे प्रकाशनही चालू आहे.